बुडालेल्या कंपन्यांचे दर: चिप-समभाग आणि संगणकी नियमांची परीक्षा

१/ १९९९ साली अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या: एनव्हिडिया आणि थ्रीडीएफएक्स. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांत थ्रीडीएफएक्सच्या ‘व्हूडू’ कार्डांचा दबदबा होता. आज एक नाव जगाला ठाऊक आहे, दुसरे विस्मरणात गेले. संगणकाच्या साहाय्याने समभाग पारखण्याच्या रीतीतील मोठा दोष या जोडीत दिसतो.

२/ ही रीत नवी नाही. १९९३ मध्ये नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन या अभ्यासकांनी १९६५ ते १९८९ चे अमेरिकी दर तपासले. मागील तीन ते बारा महिन्यांत चढलेले समभाग घ्यावेत आणि पडलेले विकावेत, हा साधा नियम त्या काळात नफा देत होता. त्यालाच ‘मोमेंटम’ म्हणतात. त्याच वर्षी डिसेंबरात फिलाडेल्फिया शेअर बाजाराने सेमीकंडक्टर कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला.

३/ चिपच्या धंद्यात तेजी-मंदीच्या लाटा उंच असतात, म्हणून असे नियम येथे मोहक वाटतात. कारखाना उभारण्यास वर्षे लागतात. तेजीत सर्वांनी हाती घेतलेले कारखाने एकाच सुमारास उत्पादन देऊ लागतात आणि भाव कोसळतात. १९८५ च्या मंदीत, जपानी स्पर्धेपुढे, इंटेलने डीरॅम मेमरी चिपचा धंदा सोडला. १९७० मध्ये तो धंदा बाजारात रुजवणारी कंपनी इंटेलच होती.

४/ नियम जुन्या दरांवर चालवून पाहणे म्हणजे ‘बॅकटेस्ट’. पण दर कोणाचे? आजच्या निर्देशांकातील ३० नावे घेऊन १९९९ पासून हिशेब मांडला, तर त्यात एनव्हिडिया येते, थ्रीडीएफएक्स येत नाही. डिसेंबर २००० मध्ये तिने आपली प्रमुख मालमत्ता एनव्हिडियालाच विकण्याचे जाहीर केले आणि २००२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

५/ ती एकटी नव्हती. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये बुडाली, जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये. ही नावे वगळलेल्या परीक्षेत कोणताही नियम शहाणा ठरतो, कारण विजेते आधीच निवडलेले असतात. अभ्यासक या दोषाला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात.

६/ यादी निर्दोष असली तरी नियमाला मर्यादा आहेत. ऑगस्ट २००० अखेर इंटेलचा समभाग उच्चांकावर होता. २१ सप्टेंबरला बाजार बंद झाल्यावर कंपनीने विक्री अपेक्षेहून कमी राहील असे कळवले. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे २२ टक्के पडला. घसरण रातोरात झाली, त्यामुळे ‘अमुक दराखाली विका’ या आज्ञेला मधला दर मिळालाच नाही. चिप निर्देशांक मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ या काळात ८० टक्क्यांहून अधिक घसरला. जुना उच्चांक ओलांडायला २०१८ साल उजाडले.

७/ या दोषावरचा उपाय गणितात नाही, दप्तरात आहे. १९६० मध्ये शिकागो विद्यापीठात स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर रिसर्च इन सिक्युरिटी प्रायसेस’ने १९२६ पासूनचे दर गोळा केले आणि बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्यांच्या नोंदीही जपल्या. प्रामाणिक परीक्षेत त्या-त्या दिवशीची यादी, बुडालेल्यांचे अखेरचे दर आणि खरेदी-विक्रीचा खर्च, तिन्ही हवेत. इतके मोजूनही जो नियम टिकेल, त्याचाच विचार पुढे करावा.