कार्ताझ, कौल आणि दस्तक : अरबी समुद्रावरील प्रवासपरवान्यांचा विचार

परदेशी निघालेल्या प्रवाशाजवळ आज सामान्यतः दोन अनुज्ञा असाव्या लागतात. पहिली त्याच्या स्वतःच्या राज्याची, म्हणजे पारपत्र. दुसरी ज्या देशात जावयाचे त्या देशाची, म्हणजे व्हिसा. ही व्यवस्था पहिल्या महायुद्धानंतरची आहे असे समजले जाते, आणि तिच्या प्रचलित स्वरूपापुरते ते खरेही आहे. तथापि प्रवासाचे साधन, सामान, मार्ग आणि सोबती यांची आगाऊ नोंद करून, अटी घालून, मगच प्रवाशास सुरक्षितपणे जाऊ द्यावयाचे, ही कल्पना भारताच्या पश्चिम किनाऱ्यास सोळाव्या शतकापासून परिचित होती. त्या काळच्या कागदांचा व त्यांच्या नावांचा एकत्र विचार केला असता एक प्रश्न ठळकपणे पुढे येतो : परवाना रक्षण करतो ते प्रवाशाचे, की परवाना देणाऱ्या सत्तेचे?

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, त्यापूर्वी अरबी समुद्रावरील प्रवास निर्धोक होता असे नव्हे. वादळांचे व चाच्यांचे भय होतेच. बंदरात जकातही द्यावी लागे. परंतु भर समुद्रात जहाज अडवून ‘तुम्हांस येथून जाण्याचा अधिकार कोणी दिला’ असे विचारण्याची रीत रूढ नव्हती. पोर्तुगीजांनी ती पाडली. १५०२ च्या सुमारापासून ते जहाजांना परवाने देऊ लागले. १५१० मध्ये गोवा, १५१५ मध्ये होर्मुझ आणि १५३५ मध्ये दीव येथे त्यांचे ठाणे बसल्यावर या परवान्याला पद्धतशीर रूप आले. त्याचे नाव कार्ताझ. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, जहाजाचे आकारमान, खलाशी व शस्त्रे यांचा तपशील आणि जावयाचे बंदर हे सर्व नमूद असे. मिरी, मसाल्याचे इतर काही जिन्नस व युद्धसाहित्य नेण्यास मनाई असे. तुर्कांसारख्या शत्रुपक्षीय लोकांस जहाजावर घेता येत नसे. शिवाय पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरण्याची अट असे. कार्ताझाचे शुल्क अल्प होते. खरा भार या जकातीचा होता. कार्ताझ नसलेले किंवा त्यातील अटी मोडणारे जहाज मालासह जप्त होई.

या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. अरबीतील ‘किर्तास’ म्हणजे कागद. तो शब्द मुळात ग्रीकमधून अरबीत गेलेला. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि ज्या व्यापाऱ्यांच्या व्यवहारभाषेतून तो घेतला त्यांच्यावरच तो लादला. मूळ अर्थ केवळ ‘कागद’ असला, तरी त्या कागदाअभावी जहाज गमवावे लागे. ‘व्हिसा’ या शब्दाची कथा अशीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पाहिलेले’ एवढाच. अधिकाऱ्याने कागद पाहिला, ही त्या शेऱ्यामागची मूळ क्रिया होय. दोन्ही शब्द वरकरणी निरुपद्रवी आहेत आणि दोहोंच्या मागे अडविण्याचे सामर्थ्य उभे आहे.

या सामर्थ्याची झळ व्यापाऱ्यांइतकीच यात्रेकरूंना लागली. १५७२-७३ मध्ये गुजरात अकबराच्या ताब्यात आल्यावर सुरत हे मुघल साम्राज्यातील हजयात्रेचे प्रमुख बंदर ठरले. १५७५ मध्ये अकबराची आत्या गुलबदन बेगम राजघराण्यातील स्त्रियांसह फत्तेपूर सिक्रीहून निघाली. परंतु परवान्याच्या खटपटीत या मंडळींना सुमारे एक वर्ष सुरतेस थांबावे लागले. परवाना मिळावा म्हणून दमणनजीकचे एक गाव पोर्तुगीजांस देण्यात आले, असे सांगितले जाते. ज्याच्या भूसेनेस उत्तर हिंदुस्थानात तोड नव्हती, त्या बादशहाच्या आप्तस्त्रियांची ही स्थिती; मग सामान्य यात्रेकरूची काय असेल याची कल्पना करता येते. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या या प्रवासात परवान्यास विलंब झाला की पुढील हंगामापर्यंत तिष्ठत बसावे लागे. याच काळात मखदूम-उल्-मुल्क या धर्मशास्त्रज्ञाने हजयात्रा बंधनकारक राहिली नसल्याचा निर्णय दिल्याचे बदाऊनी नमूद करतो. भूमार्गावर इराणी सत्तेकडून अपमान सोसावा लागतो आणि जलमार्गावर मेरी व येशू यांच्या प्रतिमा असलेला परवाना जवळ बाळगावा लागतो, ही त्याची कारणे होती. अर्थात परवान्याचा प्रश्न येथे जकातीपुरता उरला नाही. तो प्रवाशाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचला.

कागद जवळ असला म्हणजे तरी अभय मिळे काय? १६१३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जहांगीरची माता मरियम-उझ्-झमानी हिच्या मालकीचे ‘रहीमी’ हे मोठे जहाज कार्ताझ असतानाही पोर्तुगीजांनी सुरतेनजीक पकडले आणि उतारूंसह गोव्यास नेले. पोर्तुगीजांचा खरा रोष इंग्रजांना सुरतेत मिळू लागलेल्या आश्रयावर होता. त्याचे प्रायश्चित्त यात्रेकरूंनी भोगले. जहांगीरने दमणला वेढा घातला व पोर्तुगीजांशी व्यापार बंद केला. परवान्यातील शब्द देणाऱ्यास बांधून ठेवीत नाहीत, तो बांधला जातो केवळ प्रतिपक्षाच्या बळाने, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

अशा परिस्थितीत प्रवासी आपल्या परीने खबरदारी घेत. एकट्या जहाजाने न जाता अनेकांनी मिळून जावे, ही त्यांतील मुख्य. खुष्कीवरील तांड्याचा वाचक ‘काफिला’ हा अरबी शब्द याच काळात समुद्रावर आला. गुजरात व गोवा यांच्या दरम्यान पोर्तुगीज लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात चालणाऱ्या गलबतांच्या समूहास तो लावला जाई. सतराव्या शतकात डच व इंग्रज समुद्रावर प्रबळ झाल्यावर सावध नाखवे एकाहून अधिक सत्तांचे परवाने जवळ ठेवू लागले. तथापि परवाना कोणासही न विचारणाऱ्या चाच्यांपुढे हे उपाय थिटे पडत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले व त्यावरील यात्रेकरूंवर अत्याचार केले. बादशहाने सुरतेतील इंग्रज वखारवाल्यांस कैद केले आणि यापुढे यात्रेच्या जहाजांना युरोपीय कंपन्यांनी संरक्षक नौका पुरवाव्यात असे ठरले. प्रवाशाच्या सुरक्षिततेचे दायित्व परवाना देणाऱ्यावर प्रत्यक्षात टाकण्याचा हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

मराठ्यांनी ही व्यवस्था प्रथम सोसली आणि मग स्वतः चालविली. शिवकालात आरमार उभे राहिले, आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला. आपल्या निशाणाखालील जहाजांस असे दस्तक लागत नाही, अशी इंग्रजांची भूमिका होती. देशी व्यापाऱ्यांच्या मालासही ते निशाण संरक्षण देते काय, यावर वाद पेटला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. इंग्रज कागदपत्रांत कान्होजींना चाचा म्हटले आहे. परंतु परवाना घ्या अन्यथा जहाज जप्त होईल, हा नियम दोन शतकांपूर्वी पोर्तुगीजांनी घातला होता. तो त्यांच्या बाबतीत राज्याधिकार आणि आंग्र्यांच्या बाबतीत चाचेगिरी, हा भेद तर्काने सिद्ध होत नाही.

मराठी भाषेने या संदर्भात दोन शब्द जपले आहेत. ‘कौल’ हा मूळचा अरबी शब्द; त्याचा अर्थ बोल, वचन. ‘दस्तक’ फारसीतील ‘दस्त’, म्हणजे हात, यापासून झालेला. कौलात देणारा शब्दाने बांधला जातो, म्हणून मराठीत देवाचाही कौल लागतो आणि रयतेस कौल देऊन गाव वसविता येते. दस्तकात मात्र हाताची सत्ता आहे. ज्याचा हात समुद्रावर पोहोचतो त्याचेच दस्तक चालते. प्रत्येक प्रवासपरवान्यात हे दोन्ही अर्थ कमीअधिक प्रमाणात असतात.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. १९६७ पर्यंत पारपत्र देणे वा नाकारणे ही शासनाच्या मर्जीची बाब होती. तिला विधिमंडळाच्या कायद्याचा आधार नव्हता. त्या वर्षी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, आणि त्याच वर्षी पारपत्रांचा कायदा झाला. आपल्या राज्याच्या कागदापुरते तरी दस्तकाचे कौलात रूपांतर होण्यास त्यामुळे आरंभ झाला. परराज्याच्या व्हिसाबाबत असे म्हणता येत नाही. तेथे अर्जदार परका असतो, नकाराचे कारण सांगण्याचे बंधन बहुधा नसते, आणि मिळालेला शेराही सीमेवर प्रवेश मिळेलच याची हमी देत नाही. सुरतेच्या बंदरात परवान्याची वाट पाहणारा यात्रेकरू आणि वकिलातीच्या दारातील आजचा प्रवासी यांच्यात चार शतकांहून अधिक अंतर आहे. दोघांच्या हाती मात्र किर्तासच आहे, कौल नव्हे.