'पीयूसी'त मोटार नापास का होते?

'पीयूसी' चाचणीत मोटार नापास झाली, की मालक प्रथम यंत्राला दोष देतो आणि मग मेकॅनिकला. वास्तविक, दोषाचा माग बहुधा चाचणीच्या आकड्यांतच सापडतो.

पेट्रोल मोटारीचे इंजिन जागेवर मंद गतीने चालवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. 'भारत स्टेज चार' मोटारींसाठी त्यांची मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे.

केवळ कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे, असे समजावे. तुंबलेला एअर फिल्टर, निकामी ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर ही त्याची नेहमीची कारणे. कार्बन मोनॉक्साइड बेताचा. पण हायड्रोकार्बन जास्त असल्यास पेट्रोल न जळताच बाहेर पडते. अशा वेळी स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल तपासावी. दोन्ही आकडे वाढलेले असतील, तर मिश्रणातील दोषाबरोबरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर संशय घ्यावा.

मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर 'लॅम्डा' ०.९७ ते १.०३ या दरम्यान हवा. तो अधिक आल्यास कोठून तरी जादा हवा शिरते आहे. सायलेन्सरच्या नळीला भोक असले, तरी हा आकडा बिघडतो. इंजिन मात्र निर्दोष असते.

डिझेल मोटारीत धुराचा रंग बोलका असतो. काळा धूर हवेचा तुटवडा किंवा सदोष इंजेक्टर दर्शवतो, निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा कूलंटची गळती सुचवतो.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा. कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. म्हणून चाचणीपूर्वी मोटार पंधरा-वीस मिनिटे चालवावी. नंतर फिल्टर, प्लग, सेन्सर आणि अखेरीस कन्व्हर्टर पाहावा. ठिणगी चुकत असताना नवा कन्व्हर्टर बसवल्यास न जळालेले पेट्रोल त्यातच पेटते आणि तो महागडा भाग वितळून वाया जातो.

चाचणी न करता प्रमाणपत्र मिळवणारा स्वतःलाच फसवतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. फुटक्या सायलेन्सरमधून तो बंद काचांच्या मोटारीत शिरला, तर प्राणावर बेतू शकते.