विषारी धुराच्या चाचणीची कुळकथा

१७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या कामगार रुग्णालयात आग लागली. माणसं दगावली ती मुख्यतः गुदमरून. आगीत ज्वाळांपेक्षा धूर जास्त बळी घेतो, हे अग्निशमन दलाचे जवान अनुभवानं जाणतात. तो धूर किती विषारी, हे मोजण्याची रीत मात्र शंभराहून अधिक वर्षांत घडत गेली.

तिचं मूळ कोळशाच्या खाणीत आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी खाणीतल्या स्फोटांत मेलेल्या कामगारांची तपासणी केली. स्फोटाच्या दणक्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडनंच जास्त माणसं मारली, असं त्यांनी १८९६च्या अहवालात दाखवून दिलं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगून परिणाम टिपले.

पुढे घराघरांत प्लास्टिक आलं आणि धुरात नवी विषं मिसळली. पॉलियुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइड सुटतो, पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं एक बंद पेटी तयार केली. आत नमुना तापवायचा आणि धुरातून प्रकाश किती पार होतो ते पाहायचं. त्यातून धुराची दाटी कळली, विष कळलं नाही. मग काही प्रयोगशाळांनी उंदीर धुरात ठेवले.

ब्रिटिश नौदलानं १९८०च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या ७१३ क्रमांकाच्या मानकात छोटासा नमुना बंद पेटीत जाळून चौदा वायू मोजतात. १०० ग्रॅम माल एक घनमीटर हवेत जळाला तर प्रत्येक वायू किती साचेल, याचा हिशेब करतात. अर्ध्या तासात माणूस मरेल त्या प्रमाणानं त्या आकड्याला भागतात आणि सगळ्या भागाकारांची बेरीज करतात. हाच विषारीपणाचा निर्देशांक. जुलै १९९८पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेनं जहाजांच्या आतल्या सामानासाठीही मर्यादा बांधून दिल्या : दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइड १४५०, हायड्रोजन सायनाइड अवघा १४०. भारतीय रेल्वेही डब्यांतल्या सामानाला असा निर्देशांक लावते.

जहाज असो वा धावती गाडी, तिथून चटकन बाहेर पडता येत नाही. म्हणूनच तिथे ही चाचणी आधी पोचली. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण तरी कुठे पळणार? अंधेरीतल्या काचबंद कार्यालयाच्या बाराव्या मजल्यावर कोणती खिडकी उघडणार? आपल्या २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत भिंती-छतांच्या आवरणांची प्रतवारी ज्वाळा किती वेगानं पसरते यावर होते. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत जो 'ब' नमुना द्यावा लागतो, तो अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचा दाखला असतो. फॉल्स सीलिंगमागचा फोम जळाल्यावर काय सुटेल, हे तो सांगत नाही.

रुग्णालयं आणि उंच कार्यालयांच्या अंतर्गत सजावटीला धुराच्या विषारीपणाचा अहवाल सक्तीचा व्हायला हवा. मोजण्याच्या पद्धती हाताशी आहेत, मर्यादांचे आकडेही ठरलेले आहेत. नियम येईपर्यंत मुलुंड-बोरिवलीच्या रुग्णालयांच्या विश्वस्तांनी आणि कार्यालयांच्या मालकांनी कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी हा अहवाल मागावा.