निळ्या पडद्याची कुळकथा

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र आणि ते वापरणारा यांच्यामधला सगळा कारभार पाहणारी आज्ञावली, एका मर्यादेपलीकडे बिघाड झाला की मुद्दाम थांबते; कारण मेमरीतल्या विस्कटलेल्या नोंदींवर विसंबून काम पुढे रेटले, तर डिस्कवरची शाबूत माहितीही नासण्याची भीती असते. या थांबण्याला युनिक्सच्या परिभाषेत ‘पॅनिक’ म्हणतात. त्याआधीच्या मल्टिक्स या प्रणालीसाठी आपण लिहीत असलेला निम्मा तरी प्रोग्रॅम चुका निस्तरण्यासाठीच होता, असे तिच्यावर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी नमूद केले आहे. बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडवताना डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पसारा सरळ गाळला आणि ‘पॅनिक’ नावाचे एक फंक्शन ठेवले, जे चालले की यंत्र बंद पडे आणि ते पुन्हा सुरू करायला कुणीतरी व्हरांड्यातून हाक मारी. संकटाची ही पहिली खूण हाकेच्या अंतरावरच्या जाणकारासाठी होती, आणि पुढच्या खुणाही बहुतेक अशाच घरगुती वापरातून बाहेर पडल्या.

१९८४ च्या मॅकिंटॉशवर यंत्र कोसळले की सुझन केअर यांनी रेखाटलेला वात पेटलेला बॉम्ब येई. तो ग्राहकाच्या नजरेला कधी पडणारच नाही, या आश्वासनावर काढलेला होता.

सर्वांत विलक्षण जन्मकथा १९८५ च्या अमिगा संगणकाची आहे. अमिगा कंपनीने आधी अटारीच्या खेळयंत्रासाठी जॉयबोर्ड नावाची, शरीराचा तोल इकडेतिकडे झुकवून चालवायची फळी काढली होती, आणि नवी प्रणाली सारखी कोसळू लागली की वैतागलेले अभियंते त्या फळीवर मांडी घालून निश्चल बसण्याचा प्रयत्न करीत. त्यावरून काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ ही अक्षरे आली. आपल्याकडचा गुरू कॅलिफोर्नियाला वळसा घालून यंत्रात बसला तो असा. चौकटीतल्या आकड्याचा पहिला भाग चुकीचा प्रकार सांगे, दुसरा त्या वेळी चाललेल्या कामाचा मेमरीतला पत्ता. पहिला अंक ८ असला की परतीची वाट बंद समजावी. पुढच्या आवृत्त्यांत गुरूला रजा मिळाली, आणि एका चांगल्या विनोदाचा बळी व्यावसायिक गांभीर्याने घेतला, असे म्हणणे भाग आहे.

विंडोज कोसळली की येणाऱ्या निळ्या पडद्याला मात्र कुठलीही प्रतीकयोजना नाही. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ साठी तो मायक्रोसॉफ्टच्या जॉन व्हर्ट यांनी लिहिला. त्यांच्या मिप्स बनावटीच्या यंत्राचा प्रारंभीचा पडदा निळ्यावर पांढरा होता, ते वापरत असलेला स्लिकएडिट हा संपादकही तसाच, म्हणून यंत्र सुरू होताना, प्रोग्रॅम लिहिताना आणि सगळे कोसळतानाही रंग एकच राहिला. विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या पडद्याचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिला होता आणि पुष्कळदा तोच निळ्या पडद्याचा उगम म्हणून सांगितला जातो; पण त्या पडद्यावरून प्रसंगी कामावर परतता येई, एनटीचा पडदा मात्र अखेरचाच असे.

तज्ज्ञासाठी लिहिलेल्या निळ्या पडद्यावरच्या मजकुराचे वाचक पुढे घरोघर झाले. २०१२ मध्ये विंडोज ८ ने त्यावर विरामचिन्हांचा उदास चेहरा काढला, २०१६ मध्ये क्यूआर कोड आला, आणि १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, तेव्हा भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ चा हा पडदा काळा केला आणि त्यावरचा चेहरा व क्यूआर कोड दोन्ही काढून टाकले. खाली उरल्या त्या चुकीचा संकेत आणि बिघाडाला कारण ठरलेल्या फाइलचे नाव सांगणाऱ्या दोन बारीक ओळी, ज्यांचा अर्थ लावायला आजही कुणा जाणत्याला हाक मारावी लागते.