बाबांचा भूतनाथ

भक्त पुष्कळ पाहिले, पण आमच्या बाबांची देवकीनंदन खत्रींवरची भक्ती काही औरच. जबलपूरच्या रेल्वे कचेरीतला हा मराठी कारकून ‘चंद्रकांता’ची पारायणं करायचा. आई म्हणायची, “एवढी गुरुचरित्राची केली असतीत तर प्रमोशन तरी मिळालं असतं!”

खत्री पूर्वी ठेकेदार होते. बनारसकडच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांनी घेतले, त्या निमित्ताने पडके किल्ले नि दऱ्याखोरी हिंडले, आणि पुढे कादंबऱ्यांत तेच सगळं तिलिस्मांनी भरून टाकलं. ‘चंद्रकांता’ निघाली १८८८ च्या सुमारास. तिकडच्या कचेऱ्यांत तेव्हा फारसी लिपीतली उर्दू. नागरी चालेल, असं सरकार म्हणालं ते १९०० साली. पण ऐयार तेजसिंह पुढं काय करतो हे कळावं म्हणून उर्दू शिकलेली माणसं त्याआधीच नागरी गिरवायला बसली होती. सरकारी जाहीरनामा वाचायच्या ओढीनं कुणी बाराखडी शिकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी आणि भामटा, तिन्ही एकाच धोतरात. बटव्यात बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायचा लखलखा. ऐयाराला जिवे मारायचं नाही, फक्त कैद करायचं, असा त्यांच्यात नियम. मी एकदा झोपलेल्या ताईच्या नाकाशी आजोबांची तपकीर धरली. हा नियम आईला ठाऊक नव्हता.

पुढे बाबांना मोतीबिंदू झाला आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग संपवून आम्ही ‘भूतनाथ’ला हात घातला. खत्री १९१३ साली गेले ते हे पुस्तक अर्धवट ठेवून. पुढचं त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरं केलं. त्या जागी आलो तसे बाबा म्हणाले, “बस. मिटव.”

“अहो बाबा, पण गोष्ट अर्धीच—”

“पुढचं पोराचं आहे.”

हे कुणाला सांगत होते? पोरालाच!

मी चोरून पुढचं वाचत राहिलो. आठेक दिवसांनी, निजानीज झाल्यावर, शेजारच्या खाटेवरून हळूच आवाज आला, “काय रे, जमलंय का त्या पोराला?”

मी उठून दिवा लावला.