फिरंग ओळखायची कशी?

मघाशी सानपाड्यातल्याच एका श्रोत्याने घरच्या तलवारीचा फोटो दाखवला. पात्यावर दातेरी चंद्रकोरीचा ठसा, म्हणजे जिनोव्हाची ना? थांबा. हा ठसा इतका नावाजला की युरोपात इतरत्र आणि आपल्याकडेही मारला गेला. पासाऊचा लांडगासुद्धा झोलिंगेनच्या कारागिरांनी सर्रास उचलला. ठसा हा सगळ्यात कच्चा पुरावा. आधी पातं बघा: पन्हळ कुठवर जाते, मुठीशी पातं कापून जुळवलंय का. मूठ बहुधा इथलीच. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार घ्या. पातं युरोपी, त्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव. नावावरून धनी कळतो, घडवणारा नाही. आणि हो, घरची तलवार घासून चकचकीत करू नका. अशा पुसट खुणा त्यातच जातात.