सूत्रधाराचा शोध

पडत्या काळात प्रत्येक संस्थेस एखाद्या तारकाची आठवण होते. शाळा खालावली, मंडळ मोडकळीस आले, पेढी तोट्यात गेली, की "योग्य मनुष्य तेवढा मिळाला पाहिजे" हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघतेच. ते वाक्य कितपत खरे, हे तपासण्यास राजदरबारचे इतिहासच पाहिजेत असे नाही. क्रीडांगणाचा इतिहासही त्या कामी पडतो. म्हणून आम्ही आज वाचकांस अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी घेऊन जात आहो.

अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात अथवा पुढे फेकतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी जिंकावी लागते. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो व तो कोणास द्यावयाचा हे जो क्षणार्धात ठरवितो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. आपल्या नाटकमंडळीच्या भाषेत बोलावयाचे तर तो सूत्रधार होय. संघ हरला की पहिला दोष त्याचा, आणि जिंकला की पहिला हारही त्याच्याच गळ्यात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' संघाने १९७६ साली असाच एक तारक आणला. जिम प्लंकेट हा कॅलिफोर्नियातीलच स्टॅनफर्ड विद्यापीठाचा नामांकित खेळाडू. त्याच्यासाठी संघाने नवे खेळाडू निवडण्याचे आपले कित्येक मौल्यवान हक्क देऊन टाकले. दोन हंगाम गेले, मनाजोगे फळ आले नाही, आणि १९७८ च्या हंगामापूर्वी त्यास निरोप मिळाला. त्याच वर्षी गुडघा दुखावलेल्या ओ. जे. सिम्पसन या विख्यात धावपटूसाठी आणखी पाच हक्क खर्ची पडले. बुडत्यास काडीचा आधार वाटतो. पण येथे काडी विकत घेण्यासाठी नावच गहाण पडली! त्या हंगामात सोळांपैकी दोनच सामने जिंकले. तळाच्या संघास पुढील वर्षी जी सर्वप्रथम निवड मिळावयाची, तीही सिम्पसनच्या सौद्यात आधीच दुसऱ्याची झाली होती.

अशा रित्या झालेल्या घरात १९७९ साली बिल वॉल्श हे मुख्य शिक्षक म्हणून आले. त्यांच्या गाठी एक जुना अनुभव होता. सिनसिनाटी संघात ते सहायक असता ग्रेग कुक नावाच्या बलवान बाहूच्या तरुणाचा खांदा १९६९ साली जायबंदी झाला, आणि त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. कार्टरला लांब फेक साधत नसे. तेव्हा वॉल्श यांनी त्याच्याकडे नसलेले बळ मागण्याचे सोडून खेळाची रचनाच बदलली. फेक आखूड, पण अचूक व वेळेवर. धावणाऱ्याने ठरल्या पावली ठरल्या जागी असावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचाच हा प्रकार. १९७० साली सिनसिनाटीने आपल्या गटात अग्रस्थान मिळविले, आणि १९७१ साली अचूकतेत कार्टर सबंध लीगमध्ये पहिला आला.

सॅन फ्रान्सिस्कोस वॉल्श यांना मिळालेला क्वार्टरबॅक स्टीव्ह डीबर्ग. १९७८ साली त्याच्या शंभरांतील जेमतेम पंचेचाळीस फेकी स्वकीयांच्या हाती पडत. वॉल्श यांनी त्यास न घालविता शिकविले. १९७९ साली हेच प्रमाण साठावर गेले, आणि ३४७ यशस्वी फेकींचा नवा उच्चांक त्याने केला. तरीही संघाने पुन्हा सोळांपैकी दोनच सामने जिंकले. आकडे सुधारले, दैव सुधारले नाही. अधीर मालकाने येथेच शिक्षक बदलला असता. सुदैवाने तसे झाले नाही.

त्याच वर्षीच्या निवडीत वॉल्श यांनी जो मॉन्टाना यास घेतले, तेही तिसऱ्या फेरीच्या अखेरीस, एकंदर ८२ व्या क्रमांकावर. त्याच्यापूर्वी तीन क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्याचा बाहू मोठा बलवान नाही, असा पारख्यांचा अभिप्राय होता. वॉल्श यांनी बाहूपेक्षा त्याच्या पायांची चपळाई व चित्ताची स्थिरता पाहिली. आपल्या रचनेस काय हवे, हे ज्यास आधी ठाऊक असते, त्यास बाजारात उपेक्षित पडलेली वस्तूही ओळखता येते. परंतु रत्न हाती लागताच ते मुकुटात जडविण्याची घाई त्यांनी केली नाही. पहिल्या वर्षी मॉन्टानाने अवघ्या तेवीस फेकी केल्या. दुसऱ्या वर्षी हळूहळू त्याच्याकडे सूत्रे आली. ७ डिसेंबर १९८० रोजी न्यू ऑर्लिन्सविरुद्ध मध्यंतरास ७-३५ असा मागे पडलेला सामना त्याने ३८-३५ असा फिरविला. पुढच्या हंगामात सोळांपैकी तेरा विजय मिळाले, आणि २४ जानेवारी १९८२ रोजी सिनसिनाटीसच २६-२१ असे हरवून संघ अजिंक्य ठरला.

येथे कथा संपविली तर "योग्य मनुष्य मिळाला, सर्व सुरळीत झाले" हेच सिद्ध झाल्यासारखे दिसेल. पण इतिहास इतका भोळा नाही. सॅन फ्रान्सिस्कोने निरुपयोगी ठरविलेला प्लंकेट खाडीपलीकडच्या ओकलंड संघात गेला, आणि जानेवारी १९८१ मध्ये त्या संघाच्या अंतिम विजयात सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मनुष्य तोच, घर निराळे. तेव्हा उणीव एकट्या त्याच्यात होती असे कसे म्हणावे?

आणि डीबर्ग? १९८१ साली त्यास डेन्व्हर संघाकडे धाडण्यात आले. तेथे जॉन एल्वे आला. पुढे टॅम्पा येथे स्टीव्ह यंग आला. दोघेही पुढे थोर ठरले. ज्याची जागा तीनदा थोरांनी घेतली, असा हा गृहस्थ १९९८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीही मैदानात उतरला होता. त्याच्या नावाचे जयस्तंभ नाहीत. पण ती आखूड, अचूक रचना सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर प्रथम चालवून दाखविली ती त्यानेच; मॉन्टाना आला तेव्हा वाट मळलेली होती.

तारक शोधावा, यात आमचे दुमत नाही. मात्र शोधास निघण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. आलेल्या मनुष्यास सांभाळील असे घर आपण बांधले आहे काय? आणि तो येईपर्यंत जो जागा राखून आहे, त्याचे आपण काय करीत आहो? पहिल्याचे उत्तर नसेल, तर आलेला तारकही लवकरच जाईल. दुसऱ्याचे नसेल, तर तो येईपर्यंत घरात कोणी उरणार नाही.